विरंगुळ्याची भैरवी

संसाराच्या रहाटगाडग्यात माणसाला उभारी देणाऱ्या गोष्टींचा हिशेब मांडला, तर त्यांत मोठे आनंद थोडे आणि लहान विरंगुळेच फार निघतात. वर्तमानपत्रातील शब्दकोडे, दुपारच्या चहाबरोबर ऐकलेली आकाशवाणीवरील गाणी, रात्रीच्या जेवणानंतर रंगणारा पत्त्यांचा डाव, आणि गेल्या चार-पाच दशकांत या मंडळींत हक्काने येऊन बसलेली दूरचित्रवाणीवरील आवडती मालिका, या सर्वांचे मोल त्यांच्या नियमितपणात साठवलेले असते. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी त्या येतात आणि त्यांच्या येण्याभोवती घराचा दिनक्रम आपोआप गुंफला जातो. म्हणूनच अशी एखादी मालिका समाप्त होते तेव्हा मनाला लागणारी हुरहुर हसण्यावारी नेणे मला योग्य वाटत नाही.

या हुरहुरीचा पहिला सार्वत्रिक अनुभव आपल्या देशाला ‘हम लोग’ या मालिकेने दिला. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका दीडशेहून अधिक भागांनंतर १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. तिची मूळ कल्पना महाराष्ट्राचे एक नेते व तत्कालीन नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको-भेटीतून निघाली, कारण मिगेल साबिदो यांनी तेथे कौटुंबिक कथानकांतून लोकशिक्षण करणाऱ्या मालिकांचा यशस्वी प्रयोग केला होता. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या आणि पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शित केलेल्या या कथेत कुटुंबनियोजनाचा सरकारी उपदेश प्रारंभी इतका ठासून भरलेला होता, की पहिल्या तेरा भागांत प्रेक्षकांनी तिला फारशी दाद दिली नाही. उपदेशाची मात्रा कमी करून घरातील भांडणे, लग्ने आणि आशा-निराशा यांना वाव दिला गेला, तेव्हाच ती लोकांची झाली. विरंगुळा म्हणून आधी घरात प्रवेश मिळाला, आणि शिकवण त्याच्या पाठोपाठ निमूटपणे आत आली.

त्यानंतर जे घडले ते आजही विस्मयकारक वाटते. प्रेक्षकांची चार लाखांहून अधिक पत्रे आली. कथेतील कुटुंबप्रमुख बसेसर राम याची थोरली मुलगी बडकी हिचे पडद्यावर लग्न लागले, तेव्हा उत्तर हिंदुस्थानातील कित्येक बाजारपेठा लवकर बंद झाल्या आणि अभिनंदनाच्या तारा रवाना झाल्या. सुषमा सेठ यांनी रंगविलेल्या आजीला कथानकात कर्करोग जडला, तर तिला इतक्यात मारू नका अशी विनवणी लोकांनी केली आणि लेखकाला तिचे आयुष्य वाढवावे लागले. प्रत्येक भागाच्या अखेरीस अभिनेते अशोककुमार मिस्किल तुकबंदी करीत प्रेक्षकांशी चार शब्द बोलत, आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने दिवसाचा समारोप करावा तसे त्यांचे ते बोलणे वाटे.

ज्या व्यक्ती कधी अस्तित्वातच नव्हत्या त्यांच्यासाठी माणसे तारा का करतात, या प्रश्नाचे उत्तर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ सालीच शोधले होते. पडद्यावरील व्यक्ती वारंवार आणि ठराविक वेळी आपल्या घरात येऊन आपल्याकडे पाहून बोलू लागली, की प्रत्यक्ष ओळखीसारखेच एक नाते मनात तयार होते, आणि ते एकतर्फी असले तरी त्यातील जिव्हाळा खरा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. नाते खरे असेल, तर ते तुटताना होणारे दुःखही खरेच मानले पाहिजे.

मात्र आपल्याकडे या नात्याला आणखी एक पदर होता. त्या काळी चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी दूरचित्रवाणी संच असे. संध्याकाळी त्याच्या लाकडी पेटीचे सरकते दार उघडले जाई, भिंतीलगत सतरंजी अंथरली जाई, मुले पुढे, वयस्क माणसे खुर्च्यांवर आणि शेजारच्या काकू हातातली पालेभाजी निवडत उंबऱ्याशी, अशी बैठक जमे. चित्र हलू लागले की कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं’ असा पुकारा होई. मालिका संपली, की पडद्यावरच्या माणसांबरोबर ही बैठकही मोडे, आणि माझ्या मते त्या हुरहुरीचा निम्म्याहून अधिक भाग या बैठकीसाठीच असे.

दूरदर्शनवरील ‘रामायण’ ही मालिका ३१ जुलै १९८८ रोजी संपली, तेव्हा निरोपाने निराळेच वळण घेतले. राज्याभिषेकापाशी कथा थांबल्यामुळे वाल्मीकींचे आणि लव-कुशांचे आख्यान राहून गेले, आणि महर्षी वाल्मीकींना आपले आराध्य मानणाऱ्या समाजातील सफाई कामगारांनी उत्तरेकडील अनेक शहरांत संप पुकारला; अखेर सरकारला नमते घ्यावे लागले आणि उत्तरकथा पडद्यावर आली. केवळ मुदतवाढीचा हट्ट म्हणून या मागणीकडे पाहणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या श्रद्धेचा अध्यायच वगळला गेला होता, त्यांना तो समारोप पूर्ण वाटला नाही, आणि अपुऱ्या समारोपाने माणूस किती दुखावतो हे त्यांनी राज्यकर्त्यांना दाखवून दिले.

अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या मराठीतलेच आहे. २०१४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी कार्यक्रमाने मार्च २०२४ मध्ये निरोप घेतला. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे, सागर कारंडे या मंडळींनी आठवड्याचा शीण हलका करण्याचे काम इतकी वर्षे केले. त्यातही, पोस्टमनच्या खाकी वेषात सागर कारंडे अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचू लागत, तेव्हा क्षणापूर्वी खदखदणारे प्रेक्षागृह स्तब्ध होऊन डोळे पुसू लागे. हसत हसत मन मोकळे झाले, की गंभीर गोष्ट त्यात किती सहज उतरते याचा तो प्रत्यय होता. हा कार्यक्रम २०२५ मध्ये नव्या रूपात परतला, तरी त्या दहा वर्षांच्या सोबतीची जागा तिचीच राहील.

निरोप कसा घ्यावा हे आपल्या जुन्या कलांना ठाऊक होते. मैफलीत अखेरची भैरवी सुरू झाली, की आता उठायचे आहे हे श्रोत्याला कळते आणि त्या जाणिवेनेच तो अधिक एकाग्र होऊन ऐकतो. संस्कृत नाटककारही बहुधा भरतवाक्याच्या मंगलकामनेनेच नाटक संपवीत. दूरदर्शनच्या जमान्यात मालिकांना तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळत असे, त्यामुळे अखेर कोठे करायची याचा विचार लेखकाला वेळीच करावा लागे. आज दर आठवड्याच्या टीआरपीवर मालिकेचे भवितव्य ठरते. आकडे चढले तर कथा रबरासारखी ताणली जाते, आणि उतरले तर पंधरवड्यात गुंडाळली जाते. दोन्हींत प्रेक्षकाचा अवमान आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे आपल्या संध्याकाळी मालिकेला दिल्या, त्यांना अखेरीची रीतसर वर्दी द्यावी आणि प्रत्येक पात्राला त्याच्या मुक्कामी पोचवावे, एवढे निर्मात्यांचे कर्तव्यच आहे. आणि प्रेक्षकांनीही मुदतवाढीसाठी हट्ट न धरता तो शेवटचा भाग घरच्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा. रिकाम्या झालेल्या त्या अर्ध्या तासात दुसरा विरंगुळा यथावकाश येईलच, पण आधीच्याला त्याचा मान देऊन निरोप दिलेला असला, तर नव्याचे स्वागतही मोकळ्या मनाने होते.