जुन्या ॲम्बॅसेडरची ‘पोलीस गाडी’ करायचीय? मग गॅरेजच्या आधी कायदा बघा

इन्स्टाग्रामवर जुन्या गाड्यांची पेजेस फॉलो करत असाल तर हा प्रकार पाहिला असेलच. अमेरिकेतला एखादा काका भंगारातून साठ-सत्तरच्या दशकातली लांबलचक सेडान उचलतो. तिला काळा-पांढरा रंग देतो, टपावर लाल दिवा बसवतो, दारावर चांदणी रंगवतो आणि रविवारी गावभर मिरवतो. मग खाली कमेंट येते, ‘भावा, आपल्याकडे ॲम्बॅसेडरवर असं करता येईल का?’

येईल. पण ‘करता येणं’ आणि ‘रस्त्यावर आणता येणं’ या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे आणि केस अशा दोन्ही गोष्टी याच फरकात अडकतात.

नाशिककरांना तर या विषयात दुहेरी रस असायला हवा. एक म्हणजे महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्या त्र्यंबक रोडवर आहे, राज्याचे फौजदार तिथे घडतात. दुसरं म्हणजे आज पोलीस ठाण्यांसमोर उभ्या दिसणाऱ्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्या महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनत आल्या आहेत. म्हणजे पोलिसांची माणसंही इथे तयार होतात आणि गाड्याही.

आधी गाडी कोणती, ते ठरवा

पोलिसांची पहिली मोटार म्हणून १८९९ ची अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातली गाडी सांगितली जाते. गंमत म्हणजे ती विजेवर चालायची. पुढे फोर्ड, डॉज, प्लिमथ या कंपन्या पोलिसांसाठी खास सामान घातलेल्या सेडान विकू लागल्या. बाहेरून गाडी शेजारच्या काकांसारखीच, पण आत जाड स्प्रिंगा, दमदार ब्रेक आणि जास्त वीज देणारा जनरेटर. १९८० चा ‘द ब्लूज ब्रदर्स’ पाहिला असेल तर त्यातली १९७४ ची डॉज मोनॅको आठवेल. लिलावात घेतलेली निवृत्त पोलीस गाडी हेच तिचं पात्र.

आपल्याकडे गस्तीचं काम मुख्यतः जीपने केलं. सेडान असायची ती साहेबांची. त्यामुळे ‘विंटेज पोलीस कार’ म्हटलं की आपल्या हाताशी दोनच गाड्या येतात.

पहिली ॲम्बॅसेडर. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवर बेतलेली ही गाडी पन्नासच्या दशकाच्या शेवटी पश्चिम बंगालच्या उत्तरपाड्यात बनू लागली आणि २०१४ मध्ये थांबली. दुसरी पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने ती मुंबईत कुर्ल्याला बनवली. दोन्हींचा पत्रा जाड, इंजिन साधं आणि बॉनेट उघडलं की आत हात घालायला भरपूर जागा. आजच्या गाडीचं बॉनेट उघडून बघा, प्लास्टिकच्या झाकणाशिवाय काही दिसणार नाही.

आता कुणाला वाटेल, नवी-जुनी कशाला, पोलिसांचीच निवृत्त गाडी लिलावात घेऊ. तो रस्ता जवळजवळ बंद झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवता येत नाही, त्या थेट स्क्रॅपला जातात. कायदा-सुव्यवस्थेच्या काही खास गाड्या, चिलखती वगैरे, त्यातून वगळल्या आहेत, पण साध्या गाड्या नाहीत. प्रदूषणाच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे खऱ्या जुन्या पोलीस गाड्या हळूहळू संपत जाणार, आणि त्या कशा दिसायच्या हे दाखवायला बऱ्याचदा हौशी लोकांनी केलेल्या प्रतिकृतीच उरणार. म्हणून हा विषय नुसत्या रीलचा नाही.

गॅरेजमध्ये नेमकं काय होतं

सगळ्यात मोठा खर्च दिव्याचा नसतो, पत्र्याचा असतो. जुन्या गाडीत गंज आधी तळाला, दारांच्या खालच्या कडेला आणि चाकांवरच्या भागात लागतो. वरून चकाचक रंग आणि आत पुट्टीचा थर अशा गाड्या बाजारात ढिगाने आहेत. लहान लोहचुंबक घेऊन जा आणि पत्र्यावर फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. डेंटिंगवाल्याने तो भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला, मग प्रायमर, मग रंग, असा क्रम असेल तरच काम टिकतं.

रंगाच्या बाबतीत एकच सल्ला. सिनेमा बघून रंग ठरवू नका. ज्या शहराची, ज्या काळाची गाडी करायची आहे तिथला त्या वेळचा फोटो शोधा आणि त्यावरून करा.

टपावर दिवा बसवताना नवखे लोक सरळ ड्रिल मारतात. तिथून पावसाचं पाणी आत आणि वर्षभरात छताला गंज. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या छताला दोन्ही बाजूंनी पाणी वाहून जायची पन्हळ असते. कॅरियर बसवतात तशी पट्टी त्या पन्हळीला क्लॅम्पने अडकवली की दिवा तिच्यावर बसतो. भोक नाही आणि दिवा हवा तेव्हा उतरवता येतो. हे उतरवता येणं किती महत्त्वाचं, ते पुढे कळेलच.

खरी गडबड विजेची. जुन्या ॲम्बॅसेडरमध्ये अल्टरनेटर नाही, डायनॅमो असतो. तो जास्तीत जास्त २०-२२ अँपिअर देतो आणि गाडी सिग्नलला उभी असताना जवळपास काहीच देत नाही. आता हिशोब करा. ४५ वॉटचे दोन हेडलाइट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर. त्यावर ५५ वॉटचा एक फिरता हॅलोजन दिवा, आणखी साडेचार. मागचे दिवे, वायपर आणि इग्निशन धरलं तर द्वारका चौकातल्या एका जॅममध्ये बॅटरी बसायला वेळ लागणार नाही. अमेरिकेतल्या पोलीस गाड्यांना मोठा जनरेटर का देत, ते इथे समजतं. उपाय दोन. एक तर अल्टरनेटर बसवा, नाहीतर कमी वीज खाणारा एलईडी दिवा जुन्या काचेच्या घुमटात लपवा. काहीही केलं तरी त्याला वेगळा फ्यूज आणि रिले हवाच. चाळीस वर्षं जुन्या वायरिंगवर नवा भार टाकणं म्हणजे आग लावून घेणं.

अजून एक बारीक गोष्ट. ब्रिटिश वंशाच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या बरोबर उलट. तिथे एलईडी तसाच जोडला तर जळतो. आधी मिस्त्रीला ते तपासायला सांगा.

आता आरटीओ

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला हे पुन्हा ठणकावून सांगितलं. चॅसी, बॉडी, इंजिन यांना परवानगीशिवाय हात लावला तर कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रंग बदलणं त्या मानाने सोपं, पण आरसीवर रंग लिहिलेला असतो, तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्या. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

गाडी पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर तिला अधिकृत ‘विंटेज’ दर्जा मिळू शकतो. २०२१ च्या नियमांनुसार नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,००० आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. ऐकायला भारी वाटतं, पण अटी वाचा. गाडी मूळ रूपात हवी. ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आणि व्यावसायिक वापर पूर्ण बंद. म्हणजे विंटेज नंबर घेऊन ती शूटिंगला किंवा प्री-वेडिंगला भाड्याने द्यायची, हा बऱ्याच जणांच्या डोक्यातला प्लॅन इथेच संपतो.

दिव्याचं काय? १ मे २०१७ ला मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच बदलात लाल-निळा-पांढरा असा रंगीत दिवा पोलीस, अग्निशमन, आपत्ती व्यवस्थापन आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी नेमलेल्या दलांच्या ड्युटीवरच्या गाड्यांपुरता ठेवला गेला. खासगी गाडीला तो लागू नाही, गाडी कितीही जुनी असो. सायरनचंही तसंच. वेगवेगळ्या सुरांत वाजणारे हॉर्न पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन अशा मोजक्या गाड्यांनाच चालतात.

दारावर ‘पोलीस’ लिहिणं तर त्याहून नाजूक. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ मध्ये लोकसेवक असल्याची बतावणी करून काही करण्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं शिक्षा आहे. कलम २०५ फसवणुकीच्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख किंवा ओळखचिन्ह वापरण्याबद्दल आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू फसवणुकीचा नाही, मान्य. पण रात्री अकराला मुंबई-आग्रा हायवेवर ते समोरच्याला कसं कळणार? अशोकस्तंभाच्या वापरावर २००५ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे तो तर काढूच नका.

हे सगळं जाचक वाटू शकतं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण तोतया पोलिसांची ती पद्धत आठवा. ‘आजी, पुढे चोरी झालीय, चेकिंग सुरू आहे, दागिने काढून रुमालात बांधा.’ असे प्रकार नाशिकसह राज्यभर वर्षानुवर्षं घडत आलेत आणि त्यात बहुतेकदा गणवेशसुद्धा नसतो. नुसत्या दरडावण्यावर म्हातारी माणसं गळ्यातलं काढून देतात. त्याच माणसाकडे निळा दिवा लावलेली गाडी असेल तर काय होईल?

मग मार्ग काय?

शूटिंगवाले करतात तेच करा. दारावरची अक्षरं रंगवण्याऐवजी चुंबकी पाट्यांवर घ्या, जाड पत्र्याला त्या घट्ट बसतात. गाडी रस्त्याने नेताना पाट्या डिकीत, दिवा उतरवलेला. स्थळावर पोचल्यावर, परवानगीचा कागद हातात असताना, सगळं चढवायचं. पूर्णवेळ सजवून ठेवायची असेल तर ती अंगणात ठेवा आणि प्रदर्शनाला ट्रेलरवर न्या.

माझ्या मते याहून मजेशीर वाट आहे. ॲम्बॅसेडरचं खानदान ब्रिटिश, तर पोशाखही तिकडचाच द्या. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये गस्तीच्या छोट्या मोटारी फिकट निळ्या आणि दारं पांढरी अशा असायच्या, त्यांना ‘पांडा कार’ म्हणत. आपल्याकडे त्या रंगाला कुणी पोलीस समजणार नाही, आणि ज्याला कळायचं त्याला बरोबर कळेल. त्याआधी तिकडच्या पोलीस गाड्यांना सायरनऐवजी पुढच्या बंपरजवळ चक्क घंटा असायची. तशी पितळी घंटा शोधायला नाशिककराला लांब जायची गरज नाही, आपला भांडी बाजार आहेच. फक्त आतला लोलक काढून ठेवा.