लिनक्सचे अपडेट लवकर कसे उतरवावे?

भंडाऱ्यातील पितळी भांड्यांचे दुकान असो, तुमसरची तांदळाची आडत असो की साकोलीतील हार्डवेअरचे दुकान, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून अनेकांच्या गल्ल्याशेजारी संगणक आला. त्यापैकी बरेच संगणक आता जुने झाले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती थांबविली आणि अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. अशा वेळी नवा संगणक घेण्यापेक्षा जुन्यावरच लिनक्स बसविणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. उबुंटू, मिंट, डेबियन हे लिनक्सचे प्रचलित प्रकार असून ते मोफत मिळतात. मात्र आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते की नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

लिनक्स घेतल्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. अपडेट उतरायला फार वेळ लागतो. गिऱ्हाईक समोर उभे आणि संगणक अडकलेला! मग कंटाळून माणूस अपडेट घेणेच सोडून देतो. हे घातक आहे. अपडेट म्हणजे केवळ नवी सजावट नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोके त्याने बुजविली जातात. ती उघडी राहिली तर चोराला वाट मिळते आणि वर्षाची खातेवही एका दिवसात जाऊ शकते.

माल किती लांबून येतो?

भंडाऱ्याच्या कारागिराला प्रत्येक पत्र्यासाठी मुंबई गाठावी लागली तर त्याचा धंदा चालेल काय? म्हणून तो जवळच्या साठेदाराकडून माल उचलतो. संगणकाचेही तसेच आहे. अपडेटच्या फाइली कोठल्या तरी सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. तो सर्व्हर युरोप-अमेरिकेत असेल तर प्रत्येक मागणी तिकडे जाऊन परत येते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. हा वेग मोठा वाटला, तरी सर्व्हर थोडा माल पाठवतो, पोच मिळाली की पुढचा पाठवतो. अंतर जितके जास्त, तितकी पोच उशिरा. एका अपडेटमध्ये कधी शेकडो फाइली असतात, त्यामुळे हा थोडाथोडा उशीर साचत जातो.

यावर जुना उपाय मिररचा. मिरर म्हणजे मूळ साठ्याची हुबेहूब प्रत. विद्यापीठे व संस्था आपल्या सर्व्हरवर ती ठेवतात. पण एखादा मिरर बंद पडतो, एखाद्यावर नवा माल उशिरा पोहोचतो, आणि आपला संगणक मात्र त्याच दारात उभा राहतो.

सीडीएन म्हणजे काय?

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, थोडक्यात सीडीएन, म्हणजे शहरोशहरी पसरलेल्या गोदामांची साखळी. आपला संगणक एकच पत्ता विचारतो. साखळी त्याला सोयीच्या गोदामाकडे वळवते. फाइल तेथे नसेल तर गोदाम ती मूळ साठ्यातून एकदाच मागवते, आपल्याला देते आणि एक प्रत ठेवून घेते. पुढच्या गिऱ्हाइकाला ती हातोहात मिळते. या व्यवसायातील अकामाई ही कंपनी अमेरिकेत १९९८ साली स्थापन झाली.

डेबियनने हीच सोय केली आहे. ‘डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग’ या पत्त्यामागे फास्टली कंपनीचे सीडीएन आहे. या साखळीचे एक ठाणे मुंबईत आहे. म्हणजे भंडाऱ्याची मागणी सातासमुद्रापार न जाता साधारण ९०० किलोमीटरवर भागू शकते.

मधल्या हातावर भरवसा ठेवावा का?

माल तिसऱ्याच्या गोदामातून येतो, मग भेसळ झाली तर? ही शंका रास्त आहे. पण डेबियन व उबुंटूमध्ये मालाच्या यादीवर मूळ संस्थेची डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक फाइलचा ठसा नोंदलेला असतो. आपला संगणक दोन्ही ताडून पाहतो. मधे कोणी फाइल बदलली तर ठसा जुळत नाही आणि संगणक ती नाकारतो. गोदाम कोणाचेही असो, मोहोर मालकाचीच लागते. म्हणूनच सही जुळत नसल्याची सूचना आली, तर ती डावलून पुढे जाऊ नये.

आपण काय करावे?

डेबियन असेल तर सर्व्हरच्या यादीत वर सांगितलेला पत्ता आहे ना, ते पाहावे. एखाद्या परदेशी मिररचा जुना पत्ता असल्यास बदलावा. उबुंटूत ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडून ‘डाउनलोड फ्रॉम’मध्ये ‘अदर’ निवडावे व ‘सिलेक्ट बेस्ट सर्व्हर’ दाबावे. संगणक स्वतः तपासून चांगला सर्व्हर सुचवितो. मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’ उघडले की मिररच्या यादीपुढे वेग दिसतो. ‘मेन’ व ‘बेस’ या दोन्ही ठिकाणी वेगवान मिरर निवडावा.

संगणक प्रशिक्षण वर्ग चालविणाऱ्यांनी ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हे मोफत सॉफ्टवेअर एका संगणकावर बसवावे. समजा दहा संगणकांना प्रत्येकी ५०० एमबीचे तेच अपडेट हवे आहे. एरवी ५ जीबी डेटा खर्च होईल; या युक्तीने ५०० एमबीतच भागते. हे आपल्याच घरातील छोटे गोदाम समजावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. गोदाम जवळ आले म्हणून गल्ली रुंद होत नाही. आपली इंटरनेटची लाइनच मंद असेल, मोबाइलचा रोजचा डेटा संपला असेल, तर सीडीएन काही करू शकत नाही. तेव्हा सर्व्हर नीट निवडावा, आठवड्यातला एक दिवस ठरवावा आणि दुकान वाढविल्यानंतर अपडेट सुरू करून द्यावे. दुकानाला रोज कुलूप लावणाऱ्याने संगणकाचे दार उघडे का ठेवावे?