देवमाशाच्या ताटात किती वाढलंय?

आम्हा विचुंबेकरांना सुका जवळा समजावून सांगावा लागत नाही. डबा उघडला की अख्ख्या ऑफिसला कळतं! अंटार्क्टिकाच्या समुद्रात या जवळ्याचा एक लांबचा भाऊबंद राहतो. नाव क्रिल, लांबी फार तर ६ सेंटिमीटर, वजन जेमतेम २ ग्रॅम. आणि त्याच्यावर पोसला जातो कोण? चक्क निळा देवमासा, जगातला सगळ्यात मोठा प्राणी!

मग एवढ्या अफाट समुद्रात हा पिटुकला जीव मोजायचा कसा?

आवाजाने. जहाजाच्या तळाला बसवलेला इको साउंडर पाण्यात आवाज सोडतो आणि थव्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपतो. आपले कोळीबांधव फिशफाइंडर वापरतात, फंडा तोच. फक्त इथे ३८, १२०, २०० किलोहर्ट्झ अशा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम वापरतात. क्रिल ३८ला दबक्या आवाजात ‘ओ’ देतो, १२०ला खणखणीत. या फरकावरून तो ओळखायचा. मग जाळ्याने थोडे क्रिल वर काढून त्यांची लांबी मोजायची आणि एकाचा प्रतिध्वनी किती, यावरून सगळ्यांचं वजन काढायचं.

यात एक लोच्या आहे. रात्री क्रिल वर येतो, कधी जहाजाच्या तळाच्याही वर. खाली बघणाऱ्या यंत्राला तो दिसणार कसा? म्हणून २०००च्या मोठ्या पाहणीत मोजणी दिवसाउजेडी झाली.

२०१८-१९च्या पाहणीत अटलांटिकच्या दक्षिण टोकाकडच्या पट्ट्यात ६ कोटी २६ लाख टन क्रिल निघाला. तिथे मासेमारीची मर्यादा ६ लाख २० हजार टन, म्हणजे साधारण एक टक्का. तुम्ही म्हणाल, मग टेन्शन कसलं?

टेन्शन जागेचं आहे. बोटी सगळ्या समुद्रात फिरत नाहीत. क्रिल दाट असेल तिथेच जातात, आणि देवमासेही तिथेच येतात. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे २० लाख देवमासे मारले गेले. आता कुठे हंपबॅक पुन्हा वाढू लागलेत. २०२५मध्ये ही मर्यादा पहिल्यांदाच हंगाम संपण्याआधी गाठली गेली आणि ऑगस्टमध्येच मासेमारी बंद करावी लागली. छोट्या भागांत मोजणी होत असते, पण अख्ख्या पट्ट्याची मोठी मोजणी वीसेक वर्षांनी एकदा. खात्यातला बॅलन्स इतक्या वर्षांनी बघून कोणी खर्च करतं का?

यात आपला काय संबंध? आहे ना! आपलं ‘सागर संपदा’ हे जहाज १९९५-९६मध्ये क्रिलच्या शोधात अंटार्क्टिकाच्या समुद्रात जाऊन आलंय. आपली ध्रुवीय संशोधन संस्था तर गोव्यात, वास्कोला आहे. तिथल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा भारत १९८६पासून सदस्य आहे आणि तिथे निर्णय एकमतानेच होतात. म्हणजे दिल्लीच्या ‘हो’ला आणि ‘नाही’लाही वजन आहे.

आणि हो, ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल घेता? मग बाटलीमागचं लेबल नीट वाचा. तिथे ‘क्रिल ऑइल’ लिहिलं असेल, तर देवमाशाच्या ताटातला एक घास तुमच्याही वाट्याला आलाय.