धाकटीला होईल का?

सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागाबाहेर बाकं भरली आहेत. माझ्या शेजारी आई-वडील आणि दोघांच्या मधे विशीतली मुलगी. कपाळाला अंगारा, मनगटात काळा दोरा. तिचे ओठ सारखे हलताहेत. वडिलांनी केसपेपर घडी करून खिशात खोल सारलाय.

"तालुक्यालाबी डाक्टर येत्यात," आई सांगते, "पन तिथं वळखीचं कोनतरी भेटतंच."

दोन वर्षं त्यांनी 'बाहेरचं' बघितलं. विहिरीवर झपाटली, असं देवऋषी म्हणाला. लिंबू झालं, उतारा झाला, मग मिरचीची धुरी. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत काढायला धुरी देणं गुन्हा आहे. पण आई-बापच हाताला धरून नेतात, तेव्हा तक्रार कोण करणार?

नंबर येतो. त्यांना आणि डॉक्टरांना विचारून मीही आत बसते.

"आवाज काय म्हणतात?" डॉक्टर थेट मुलीला विचारतात.

ती मान वर करते. "जेवनात इख घातलंय म्हंत्यात."

"म्हनून ताट ढकलतीस व्हय गं!" आई थक्क होते. आजवर सगळ्यांनी भुताला विचारलं, तू कोण, तुला काय हवंय. पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं.

हा स्किझोफ्रेनिया असल्याचं डॉक्टर समजावून सांगतात. गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. वडिलांचं लक्ष दुसरीकडेच आहे. "धाकटीला हुईल का, सायेब? तिला स्थळं येत्यात."

बाधा बाहेरून येते. उतरली की घराला डाग राहत नाही. आजार म्हटला की लोक तो रक्तात शोधतात. देवऋषाने या बापाला तेवढी तरी सोय ठेवली होती.

"सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो," डॉक्टर म्हणतात, "तरी दहातल्या नऊ जणांना होत नाही. देवाला जरूर जा. धुरी, मारहाण मात्र नको."

वडील मान डोलावतात आणि लगेच विचारतात, "कागदावर आजाराचं नाव लिवायलाच लागतं का?"

याला अडाणी म्हणणं सोपं आहे. पण त्याची भीती खरी आहे आणि ती आपण घातलेली आहे. स्थळ बघताना "घरात कुणी वेडसर नाही ना?" असं हळूच विचारणारे शिकलेले लोक माझ्याही नात्यात आहेत. ही चौकशी जोवर चालते, तोवर अशा पोरींची दोन-दोन वर्षं देवऋषाकडे जात राहणार.