वळवाचं पहिलं पाणी आणि पंचगंगा

सांडपाणी आणि पंचगंगा हा विषय कोल्हापुरात कुणालाच नवा नाही, आणि आज मी त्यावर फारसं बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते आभाळातून पडणाऱ्या पाण्याबद्दल. हे पाणी पडताना बऱ्यापैकी स्वच्छ असतं. मग छपरं, रस्ते, गटारं असा प्रवास करून नदीला मिळेपर्यंत त्यात काय काय मिसळतं, आणि ते वाटेत कुठं अडवता येईल?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. कळंबा परिसराकडून येणारी जयंती शहराच्या मधून वाहते आणि पंचगंगेला मिळते. जुनी माणसं अजून तिला नदी म्हणतात, बाकी सगळ्यांच्या तोंडी ती ‘जयंती नाला’ झाली आहे. नदीला मिळण्याआधी तिच्यावर बंधारा आहे. तिथं पाणी अडवायचं, उपसायचं आणि कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात पाठवायचं, अशी व्यवस्था. त्या केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर. दुधाळी नाल्यासाठी १७ दशलक्ष लिटरचं वेगळं केंद्र आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ही योजना उपयोगी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पाऊस आला की दरवर्षी एकच बातमी येते: बंधारा ओसंडला, पाणी थेट नदीत.

ही बातमी वाचून आपण चिडतो. चिडण्याआधी एक साधं गणित करू. एक हेक्टर जागेवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होतं. ७६ दशलक्ष लिटर म्हणजे ७६० हेक्टरवरचा, म्हणजे ७.६ चौरस किलोमीटरवरचा १० मिलिमीटर पाऊस. महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. बरं, काही पाणी मुरतं असं धरा. तरीही शहराच्या एका छोट्या भागावरची एक सर केंद्राची अख्ख्या दिवसाची क्षमता खाऊन टाकते, आणि ती सर येते अर्ध्या-एक तासात. ढगफुटीसारखं पाणी उपसून गाळणारी यंत्रणा कुठलंच शहर बांधत नाही. लंडनला सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच जुन्या वाहिन्यांतून जातं. ते थेम्स नदीत सांडू नये म्हणून त्यांनी २५ किलोमीटरचा बोगदा खणला, तो २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला. आपल्याला ते झेपणारं नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. कारण सगळं पाणी सारखं घाण नसतं.

इथं मुख्य मुद्दा येतो. डिसेंबरपासून रस्त्यावर धूळ साठत जाते. तिच्यात टायर झिजून पडलेले कण असतात, त्यातून जस्त येतं. ब्रेकच्या झिजेतून तांबं येतं. गॅरेजसमोर वंगण सांडलेलं असतं, उद्यमनगरसारख्या भागात लोखंडाचा कीस. मंडईत पालापाचोळा, सडकी भाजी, सगळीकडे शेण आणि प्लॅस्टिक. मग एप्रिल-मेमध्ये एखाद्या दुपारी वळीव येतो. वळीव कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, आधी वारं, मग धूळ, मग टपोरे थेंब आणि वीस मिनिटांत गुडघाभर पाणी. चार-पाच महिन्यांचं साठलेलं सगळं तो एका फटक्यात धुऊन नेतो. पहिली काही मिनिटं पाणी काळं वाहतं, नंतर निवळत जातं. म्हणूनच अनेक देशांत रस्त्यावरचं पाणी गाळण्याची रचना करताना सरीचा पहिला १२ ते २५ मिलिमीटर पाऊस हिशेबात धरतात. बाकीचं जाऊ देतात.

आता हे पाणी जातं कुठं? मे महिन्यात पंचगंगा वाहती नसतेच म्हटलं तरी चालेल. राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, एकामागून एक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. आपल्याच गावाच्या नावानं देशभर ओळखली जाणारी ही रचना: पावसाळ्यात बरगे काढायचे, पुराबरोबर गाळ जाऊ द्यायचा, पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं. मेमध्ये बरगे घातलेले असतात, म्हणजे नदी ही उथळ तळ्यांची माळ असते. अशा थांबलेल्या, तापलेल्या पाण्यात कुजणारा माल एकदम आला की तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. मग मासे तोंड वर काढून तडफडतात. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. दरवेळी कारण वळवाचंच असतं असं नाही, कारखान्याचंही असू शकतं. पण हीच घाण जुलैच्या पुरात आली असती तर पातळ होऊन गेली असती.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला थोडी अवघड आहे. शिंगणापूर आणि बालिंग्याचे उपसे शहराच्या वरच्या अंगाला आहेत. आता तर काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्यावरचं पाणी कोल्हापूरच्या नळाला येत नाही. ते खाली जातं, इचलकरंजीकडे, शिरोळ तालुक्याकडे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीनं माणसं दगावली, तेव्हा पाणी दूषित होणं म्हणजे काय हे तिथल्या घराघरांनी पाहिलं. त्यांच्यासाठी ही चर्चा सौंदर्याची नाही.

तर मग अडवायचं कुठं? एक प्रश्न हमखास येतो: ‘जयंतीच्या तोंडाशी जाळी का लावत नाही?’ २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीनाना शहरानं गटाराच्या पाइपांना मोठ्या जाळ्यांच्या पिशव्या लावल्या, त्याचे फोटो जगभर फिरले, आपल्या व्हॉट्सॲपवरही आले. जाळी वाईट नाही. बाटल्या, पिशव्या, नारळ, थर्माकोल ती धरते. पण जयंतीसारख्या नाल्यात वळवाबरोबर फांद्या आणि गाद्यासुद्धा येतात. जाळी तुंबली की मागं पाणी चढतं, आणि चढलेलं पाणी लोकांच्या घरात शिरतं. वरून पाणी जाण्याची वाट ठेवली तर तुंबल्यावर कचरा त्याच वाटेनं जातो. आणि जाळीतून जस्त, तांबं, तेल हे सगळं आरपार जातं.

का जातं, तर ही द्रव्यं बारीक कणांना चिकटलेली असतात. बारीक कण किती हट्टी असतात बघा. एक मीटर खोल शांत पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण दोनेक मिनिटांत तळाला बसतो. त्याच्या दहापट बारीक कणाला तीन तास लागतात. त्याहून दहापट बारीक, म्हणजे चिकणमातीचा कण, बारा-तेरा दिवस घेतो. वाहत्या नाल्यात त्याला बसायला वेळ कोण देणार?

तोंडाशी अडवण्यात दुसरीही अडचण आहे. गल्लीत पहिलं काळं पाणी वेगळं ओळखू येतं. पण नाल्याच्या तोंडाशी जवळच्या पेठेतलं पहिलं पाणी निघून गेल्यावर लांबच्या वस्तीतलं पहिलं पाणी पोचतं. सगळं एकमेकांत मिसळतं. घाण पूर्ण प्रवाहभर पसरते, आणि मग गाळायचं तर सगळंच गाळावं लागतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गल्लीत, वाहनतळावर, मंडईच्या दारात अडवा. तिथं पाणीही थोडं असतं.

त्यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. रस्त्याकडेच्या चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपपेक्षा हातभर खाली ठेवायचा, म्हणजे वाळू आणि जड माल तळाला राहतो. त्या पाइपच्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावायचा, म्हणजे तरंगणारं तेल आणि प्लॅस्टिक आत अडकतं. यात पाणी साचून डास होतात, हा आक्षेप खरा आहे. डेंग्यूच्या काळात असं चेंबर आठवड्याला बघावंच लागेल.

बारीक कणांसाठी मातीच लागते. वाळू आणि थोडं खत मिसळलेला दोन-तीन फुटांचा थर, वर गवत किंवा झुडपं, खाली खडी. पाणी त्यातून झिरपताना कण अडकतात, जस्त-तांबं मातीला चिकटतं. परदेशी पुस्तकांत हे पाणी खाली जमिनीत मुरवतात. आपल्या काळ्या मातीत ते जमणार नाही. ती पावसात फुगते आणि पाणी धरून बसते, म्हणून खडीत भोकांचा पाइप टाकून गाळलेलं पाणी पुन्हा गटाराला द्यावं लागेल. जागा नाही म्हणाल, तर दुभाजक बघा. आपण ते रस्त्यापेक्षा उंच बांधतो, त्यात झाडं लावतो आणि टँकरनं पाणी घालतो, आणि रस्त्यावरचं पाणी शेजारून वाहून जातं!

आता तारखेबद्दल. नालेसफाई मृगाआधी संपली की आपण समाधानी असतो. पूर टाळण्यासाठी ती तारीख ठीक आहे. नदीसाठी ती उशिराची आहे, कारण तोवर दोन-चार वळीव होऊन गेलेले असतात आणि घाण नदीत पोचलेली असते. नदीसाठी रस्ते झाडून धूळ उचलायची वेळ मार्च आहे, कोरडी असताना. फावड्यानं उचललेली कोरडी धूळ ही सगळ्यात स्वस्त गाळणी आहे. ओली झाल्यावर तिच्यामागे पंप लावावा लागतो.

आणि गटारातून काढलेला गाळ. तो वाळावा म्हणून काठावरच ढीग करून ठेवतात, ते एका अर्थी बरोबर आहे, ओला गाळ ट्रॉलीत भरता येत नाही. पण तो किती दिवस तिथं राहतो ते या एप्रिलमध्ये तुमच्या गल्लीत मोजा. ढीग उचलायच्या आधी वळीव आला, तर काढलेला गाळ परत गटारात जातो, आणि काढणावळ मात्र देऊन झालेली असते.