जड चाकं, थकलेले शॉक
दुर्ग-भिलाईतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, पोलादाच्या ट्रेलरमागे रखडताना, हौसेने जड चाकं बसवलेली गाडी खड्ड्यात दणकते आणि मग उगीच डुलत राहते. दोष स्प्रिंगचा नसतो. गाडीचा सांगाडा स्प्रिंग पेलते. चाक आणि टायर तिच्या खाली असतात. तिथे दर चाकामागे ४-५ किलो वाढले, की उसळलेलं चाक आवरताना शॉक अ‍ॅब्सॉर्बर दमतो. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. ही छिद्रं मूळ चाकाच्या वजनावर बेतलेली. म्हणून चाक खाली परतताना अधिक रोध करणारे शॉक घ्यावेत, निदान एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम. फार कडक घेतले तर पाठ बोलेल! मी तर आधी हलकी चाकंच शोधेन.