समकालीन प्रसारमाध्यमांतील स्त्रीप्रतिमा : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्रसारमाध्यमे समाजाचा आरसा आहेत, असे म्हटले जाते. मात्र आरशासमोर कोणास उभे करावयाचे, हे माध्यमेच ठरवितात. म्हणून स्त्री कशी दाखविली जाते याबरोबरच तिच्या जीवनातील काय वगळले जाते, याचाही विचार करणे अगत्याचे ठरते.

कायद्याची मर्यादा :
स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा कायदा १९८६ साली संमत झाला. जाहिराती व प्रकाशने यांतील स्त्रीदेहाचे मानहानिकारक चित्रण हा त्याचा विषय होय. वगळणे हा मात्र गुन्हा ठरत नाही. जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पानुसार बातम्यांतील व्यक्तींत स्त्रियांचे प्रमाण १९९५ मध्ये १७ टक्के होते. २०२० मध्येही ते केवळ २५ टक्के होते.

मराठी मालिकांतील स्त्री :
सह्याद्री वाहिनीवर १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘दामिनी’ मालिकेची नायिका पत्रकार होती. तिचा व्यवसाय हाच कथानकाचा गाभा होता. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेच्या शीर्षकातच स्त्रीची ओळख नात्यावरून ठरते. ‘आई कुठे काय करते’ (२०१९-२०२४) या मालिकेने गृहिणीच्या श्रमाकडे होणारे दुर्लक्ष शीर्षकातूनच अधोरेखित केले. तथापि नायिकेच्या कर्तृत्वास वाव मिळतो, तो संसार मोडल्यानंतर.

वसई-विरारचे वास्तव :
५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल सुरू झाली व पुढे ती विरारपर्यंत आली. पहाटे डबे भरून लोकल गाठणारी कर्मचारी, भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईस जाणारी शेतकरी स्त्री, अर्नाळ्याची मासळीविक्रेती या सर्वांच्या जीवनात वेळ आणि श्रम हाच खरा संघर्ष आहे. मालिकांत नायिकेची नोकरी बहुधा संवादापुरती उरते; तिचा प्रवास, वेतन व थकवा क्वचितच दिसतो. संघर्ष घडतो तो घराच्या दिवाणखान्यात.

समारोप :
या परिसरातील अनेक विद्यार्थिनी अशाच कष्टकरी मातांच्या कन्या आहेत. आईचे श्रम पडद्यावर दिसत नसतील, तर ते मोलाचे नाहीत असा समज त्यांच्या मनात रुजण्याचा धोका संभवतो. म्हणून प्राध्यापकांनी एखाद्या मालिकेचे आठवडाभराचे भाग वर्गात अभ्यासावयास द्यावेत. नायिका कोठे असते, कोणते काम करते व निर्णय कोण घेते, या तीन प्रश्नांची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी आणि ती स्वतःच्या घरातील दिनक्रमाशी ताडून पाहावी. माध्यमसाक्षरतेचा प्रारंभ येथूनच होऊ शकेल.